सायकलचा दिवा : पाहण्यासाठी की दिसण्यासाठी?

१२ डिसेंबर २०२३ रोजी 'लूनर रिकनिसन्स ऑर्बिटर' या नासाच्या यानाने चंद्राच्या दक्षिण ध्रुवीय प्रदेशातील एका ठिकाणाकडे लेसरचे झोत सोडले. तेथे चांद्रयान-३ चा विक्रम लँडर उभा होता. त्याचे काम संपून तीन महिने उलटले होते. त्याच्या बॅटऱ्या निकामी झालेल्या होत्या आणि संदेशाला उत्तर देण्याची कोणतीही शक्ती त्याच्यात उरलेली नव्हती. तरीही सुमारे १०० किलोमीटरवरून आलेला प्रकाश विक्रमवरून नेमका आल्या दिशेने परतला आणि यानाने तो टिपला. हे घडवून आणले ते विक्रमवर बसवलेल्या, जेमतेम पाच सेंटिमीटर रुंदीच्या एका छोट्या घुमटाने. त्यात क्वार्ट्झचे आठ लोलक आहेत. प्रत्येक लोलकाच्या तीन पाठी एकमेकींशी काटकोनात असल्यामुळे प्रकाश कोठूनही आला, तरी तीन वेळा परावर्तित होऊन तो उगमाकडेच परत फिरतो.

हीच युक्ती सायकलच्या मागच्या मडगार्डावरील लाल प्लॅस्टिकच्या चकतीत असते. फोडलेल्या रिफ्लेक्टरची मागची बाजू बोटाने चाचपून पाहिली, तर त्या इवल्या घनकोपऱ्यांची रांग हाताला लागते. चंद्रावर आणि रस्त्यावर या युक्तीचा गुणही एक आणि मर्यादाही एकच आहे. तिला बॅटरी लागत नाही, परंतु कोणीतरी दुसऱ्याने तिच्यावर प्रकाश टाकावा लागतो. रात्रीच्या रहदारीत सायकलस्वाराने स्वतःचा प्रकाश बाळगावा की दुसऱ्याच्या प्रकाशावर विसंबावे, हा प्रश्न सायकलइतकाच जुना आहे. भारताने त्याचे जे उत्तर नकळत निवडले, ते तपासून पाहण्यासारखे आहे.

हा प्रश्न केवळ हौशी सायकलपटूंचा नाही. २०११ च्या जनगणनेत देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. त्यानंतरच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही हे प्रमाण निम्म्याच्या आसपासच राहिले. पहाटे दूध घालणारा गवळी, पाळी संपवून परतणारा कामगार आणि शिकवणीहून घरी निघालेली मुलगी अंधारात सायकल चालवतात, कारण त्यांच्यापुढे दुसरा पर्याय नसतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात १,६८,४९१ जण रस्ते-अपघातांत मरण पावले. त्यांत साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार होते. दिवसाच्या आठ प्रहरांत सर्वाधिक अपघात नोंदवले जातात ते संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत.

सायकलच्या दिव्याची सुरुवात तेलाच्या दिव्याने झाली. पुढचे चाक अवाढव्य आणि मागचे चिमुकले असलेल्या उंच सायकलींच्या काळात हँडलजवळ दिवा लावला, तर धक्क्यांनी तो विझत असे. म्हणून बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकासने १८८० च्या सुमारास पुढच्या चाकाच्या आसावर, आऱ्यांच्या आतच टांगायचा तेलदिवा विकायला आणला आणि त्याला 'किंग ऑफ द रोड' असे भारदस्त नाव दिले. नाव राजाचे असले तरी प्रकाश रंकाचाच होता. त्या ज्योतीच्या उजेडात रस्ता फारसा दिसत नसे. समोरच्याला मात्र कोणीतरी येत आहे एवढे कळे. १८८८ मध्ये ब्रिटिश कायद्याने सायकलला 'वाहन' ठरवले आणि सूर्यास्तानंतर एका तासाने तिच्यावर पुढे प्रकाश टाकणारा दिवा सक्तीचा केला. मागच्या दिव्याबद्दल कायदा मौन बाळगून होता. तेव्हा रस्त्यावर सायकलहून वेगवान असे फारसे काही नव्हते. मागून येऊन धडकणार कोण?

पुढची झेप रसायनशास्त्राने घेतली. १८९२ मध्ये कॅनडाच्या थॉमस विल्सनला विजेच्या भट्टीत कॅल्शियम कार्बाइड स्वस्तात बनवण्याची रीत सापडली. कार्बाइडवर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू सुटतो. पाचसहा वर्षांतच या एका अभिक्रियेवर चालणारे सायकलचे दिवे बाजारात आले. दिव्याच्या खालच्या कप्प्यात कार्बाइडचे खडे आणि वरच्या कप्प्यात पाणी असे. मधल्या झडपेतून थेंब थेंब पाणी खाली पडत राही. झडप सैल केली की ज्योत मोठी होई. ॲसिटिलीनच्या ज्योतीत कार्बनचे सूक्ष्म कण अतिशय तापून पांढरे चमकतात, त्यामुळे हा दिवा तेलाच्या दिव्याच्या कितीतरी पट उजळ होता. सायकलस्वाराला स्वतःच्या दिव्याने रस्ता खऱ्या अर्थाने दिसला तो येथे, पहिल्यांदाच. कार्बाइडला येणारा लसणासारखा उग्र वास भारतातील जत्रांमध्ये आणि रात्रीच्या हातगाड्यांवर पुढे बरीच दशके दरवळत राहिला. हल्ली हा खडा आठवतो तो आंबे पिकवण्याच्या बेकायदा उद्योगामुळे. एका तेजस्वी वस्तूची ही जरा केविलवाणी उतरंड म्हणायची.

ॲसिटिलीनच्या प्रकाशाने भौतिकशास्त्राचे नोबेलही मिळवून दिले आहे. १९१२ चा पुरस्कार स्वीडनच्या गुस्ताफ डालेन यांना दीपगृहे आणि बोये यांच्या वायुदिव्यांसाठी बनवलेल्या स्वयंचलित नियंत्रकांबद्दल मिळाला. त्याच वर्षी एका स्फोटात त्यांची दृष्टी गेली होती. समारंभात त्यांच्या वतीने पुरस्कार स्वीकारला तो त्यांच्या नेत्रतज्ज्ञ भावाने. डालेन यांच्या यंत्रणेत दिवा सतत जळत नसे, तो ठरावीक अंतराने क्षणभर लुकलुके. त्यामुळे वायूची मोठी बचत होई आणि लुकलुकण्याच्या लयीवरून खलाशाला हे कोणते दीपगृह तेही ओळखता येई.

आज सायकलच्या मागे जो लाल दिवा मिचमिचत असतो, त्याचे मूळ या समुद्रकाठच्या कल्पनेत आहे. लुकलुकणारा दिवा डोळ्याला नेमका किती प्रखर भासतो, हा प्रश्नही दीपगृहांमुळेच उभा राहिला. १९११ मध्ये आंद्रे ब्लॉन्देल आणि जाँ रे या फ्रेंच संशोधकांनी त्याचे एक सूत्र दिले. चमक जितके सेकंद टिकते तो काळ घ्यावा आणि त्याला 'तोच काळ अधिक ०.२ सेकंद' या बेरजेने भागावे. अंधुक प्रकाश जेमतेम दिसू लागण्याच्या अंतरावर मूळ तीव्रतेचा तितकाच अंश डोळ्याला जाणवतो. सायकलच्या दिव्याची चमक ०.०५ सेकंद टिकत असेल, तर ती त्याच तीव्रतेच्या स्थिर दिव्याच्या एक पंचमांश एवढीच परिणामकारक ठरते. खोक्यावर छापलेला आकडा मात्र चमकेच्या शिखराचा असतो. सायकलचा दिवा निवडणाऱ्याला एकशे दहा वर्षांपूर्वीचे हे सूत्र आजही उपयोगी पडते.

भारतात सायकल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली ती साहेबाबरोबर, आणि तिच्यामागोमाग तिचे नियमही आले. गावोगावच्या नगरपालिकांनी सायकलवर कर बसवला, पत्र्याचे बिल्ले दिले आणि दिवेलागणीनंतर दिव्याशिवाय सायकल चालवणे हा दंडनीय गुन्हा ठरवला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आणि काही ठिकाणी त्यानंतरही, चौकात उभ्या असलेल्या पोलिसाला चुकवण्यासाठी उतरून सायकल हातात धरून चालणे हा शहरी जीवनाचा भाग होता. डबलसीट आणि बिनदिव्याची सायकल हे दोन गुन्हे जोडीनेच सांगितले जात. पकडला गेलेला इसम "आत्ताच वाऱ्याने विझला" म्हणे, आणि मुरलेला पोलीस उत्तर न देता दिव्याच्या पत्र्याला हात लावून तो गरम आहे का ते पाही, ही हकिकत मराठीतच नव्हे, तर देशाच्या अनेक भागांत जुनी माणसे आपापल्या गावची म्हणून सांगतात. विनोद बाजूला ठेवला, तर या हकिकतीतून एक गोष्ट कळते. सायकलला दिवा असलाच पाहिजे अशी अपेक्षा तेव्हा समाजाच्या अंगवळणी पडलेली होती.

तेलाची आणि कार्बाइडची कटकट मिटवली ती डायनॅमोने. बाटलीच्या आकाराचे हे यंत्र चाकाशेजारी बसे. खटका दाबला की त्याची दातेरी टोपी टायरला टेके आणि आतला चुंबक तारेच्या वेटोळ्यांपुढे गरागरा फिरू लागे. त्याचे सहा व्होल्ट आणि तीन वॉट हे माप पुढे जवळपास जागतिक ठरले. २.४ वॉट पुढच्या दिव्याला आणि ०.६ वॉट मागच्या दिव्याला, अशी त्याची वाटणी होती. फॅरेडेच्या नियमानुसार चाकाचा वेग दुप्पट झाला, की निर्माण होणारे विद्युतचालक बलही दुप्पट होते. मग उतारावर सायकल सुसाट सुटली की दिवा जळून का जात नाही? कारण वेगाबरोबर विद्युतप्रवाहाची वारंवारता वाढते आणि तिच्यासोबत वेटोळ्यांचा प्रेरणिक अवरोधही त्याच प्रमाणात वाढतो. एक वाढ दुसरीला खाऊन टाकते. परिणामी ठरावीक वेगानंतर प्रवाह अर्ध्या अँपिअरच्या आसपास स्थिरावतो. कोणताही इलेक्ट्रॉनिक भाग नसलेले हे नियंत्रण फक्त चुंबक आणि तार यांच्या जुळणीतून साधले होते. अभियांत्रिकीतील अशी साधी सौंदर्ये क्वचितच आढळतात, आणि अभ्यासक्रमात तर त्याहून क्वचित.

डायनॅमोचा दोष मात्र प्राणघातक होता. चाक थांबले की दिवा विझत असे. चौकात उजवीकडे वळण्यासाठी रस्त्याच्या मध्यभागी थांबलेला सायकलस्वार, म्हणजे ज्याला दिसण्याची सर्वाधिक गरज आहे तोच, नेमका तेव्हा अंधारात जाई. पावसात टोपी ओल्या टायरवर घसरे, चढावर पाय जड होत. शिवाय भारतात डायनॅमो सहसा सायकलबरोबर मिळत नसे, तो दुकानातून वेगळा बसवून घ्यावा लागे. ज्याला ते परवडत नसे तो हँडलला बॅटरी बांधे किंवा एका हातात बॅटरी धरून दुसऱ्या हाताने सायकल सांभाळी.

तोपर्यंत रस्त्यावरचे बळ बदलले होते. मोटार आली, तिचा वेग सायकलच्या तिप्पट-चौपट झाला आणि धोका पुढून मागे सरकला. ब्रिटनमध्ये १९२० आणि १९३० च्या दशकांत मागच्या दिव्यावरून मोठा वाद झाला. सायकलस्वारांच्या संघटनेचा त्याला विरोध होता. वरवर पाहता तो आत्मघातकी वाटतो, पण त्यामागचा युक्तिवाद भक्कम होता. जेवढे अंतर आपल्याला दिसते तेवढ्यात थांबता येईल अशाच वेगाने गाडी हाकणे ही चालकाची जबाबदारी आहे. मागचा दिवा सक्तीचा केला, तर न दिसण्याचा दोष मरणाऱ्यावर जाईल आणि पायी चालणाऱ्याला, गुराला किंवा पडलेल्या झाडाला तर दिवाही नसतो. सरकारने मधला मार्ग काढला. मागे रिफ्लेक्टर आला, आणि १९३० च्या दशकात मागच्या मडगार्डावर पांढरा पट्टा रंगवण्याचे बंधनही. अखेर दुसऱ्या महायुद्धाच्या ब्लॅकआउटमध्ये रस्त्यांवरचे सारेच दिवे मालवले गेले, तेव्हा मागचा दिवा सक्तीचा झाला आणि युद्धानंतर ती सक्ती कायम राहिली.

त्या वादाची एक खूण भारतात आजही रस्तोरस्ती फिरते. काळ्या, भक्कम, दांडीच्या सायकलीच्या मागच्या मडगार्डाचे खालचे टोक पांढरे रंगवलेले असते. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ, सोनीपतला आणि लुधियानात सायकलींचे कारखाने उभे राहिले, तेव्हा इंग्रजी सायकलीचा घाट जसाच्या तसा उचलला गेला आणि त्याबरोबर हा पांढरा तुकडाही आला. ज्या कायद्याने तो रंगवला गेला तो येथे कधीच लागू नव्हता. दिवा मागे राहिला आणि रंग तेवढा आला.

स्वतःच्या प्रकाशाऐवजी दुसऱ्याच्या प्रकाशावर विसंबण्याचे धोरण पूर्णत्वास गेले ते अमेरिकेत. १९७० च्या दशकात तेथील ग्राहक सुरक्षा आयोगाने विकल्या जाणाऱ्या प्रत्येक सायकलीवर पुढे, मागे, चाकांवर आणि पॅडलवर रिफ्लेक्टर बंधनकारक केले. दिवा मात्र बंधनकारक केला नाही. जॉन फॉरेस्टर या अभियंत्याने त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. १९७७ च्या निकालात नियमांतील काही तरतुदी रद्द झाल्या, रिफ्लेक्टरची सक्ती टिकली. फॉरेस्टर यांचा मुद्दा भूमितीचा होता. बाजूच्या गल्लीतून मुख्य रस्त्यावर येणाऱ्या गाडीच्या दिव्यांचा झोत सरळ पुढे असतो. आडव्या रस्त्यावरून येणारी सायकल त्या झोतात शिरते तेव्हा टक्कर टाळण्याची वेळ निघून गेलेली असते. तेथे रिफ्लेक्टर निर्दोष असूनही निरुपयोगी ठरतो.

भारतातही २०२० मध्ये उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागाने सायकलच्या रिफ्लेक्टरसाठी गुणवत्ता-नियंत्रण आदेश काढला. भारतीय मानक ब्यूरोच्या कसोटीला उतरलेले रिफ्लेक्टर बंधनकारक करणारा हा आदेश, काही मुदतवाढींनंतर का होईना, स्वागतार्हच होता. निकृष्ट चकत्यांचा बाजारात सुळसुळाट होता. पण आदेश रिफ्लेक्टरचा होता, दिव्याचा नव्हता. मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने सायकल हे मोटार वाहन नाही, त्यामुळे गाड्यांच्या दिव्यांचे सविस्तर केंद्रीय नियम तिला लागू होत नाहीत. जुने नगरपालिकांचे नियम विस्मरणात गेले आणि पोलिसाने पत्रा चाचपणेही बंद झाले. रस्त्यावर मोटारी कमी होत्या त्या काळात दिव्यासाठी दंड होई. मोटारींचा पूर आला तेव्हा सायकलीवरून दिवाच नाहीसा झाला. हा उलटा क्रम कोणी ठरवून आणलेला नाही, पण त्याची किंमत आजही मोजली जात आहे.

रिफ्लेक्टरची दुसरी उणीव भारतीय महामार्गांवर अधिक बोचते. परतलेला प्रकाश उगमाकडे, म्हणजे गाडीच्या दिव्याकडे जातो. चालकाचा डोळा दिव्याच्या थोडा वर असतो, त्याच्या वाट्याला येतो तो त्या परतलेल्या झोताचा फक्त काठ. मोटारीत डोळा दिव्याहून साधारण ०.६ मीटर उंच असतो. ६० मीटर अंतरावरून हा कोन जेमतेम अर्ध्या अंशाचा होतो. ट्रकच्या चालकाचा डोळा दिव्याहून सुमारे दीड मीटर उंच असतो, म्हणजे त्याच अंतरावर कोन १.४ अंशांचा होतो. फरक क्षुल्लक वाटतो, परंतु वाहनांच्या रिफ्लेक्टरसाठीच्या युरोपीय मानकात एक तृतीयांश अंशाच्या कोनाला किमान ३०० एकके तीव्रता अपेक्षित असते, तर दीड अंशाला केवळ ५. सायकलस्वाराला सर्वांत मोठा धोका ज्या वाहनाचा, त्याच्याच चालकाला रिफ्लेक्टर सर्वांत मंद दिसतो. त्यात समोरून येणाऱ्या गाडीचे प्रखर दिवे, काचेवरची धूळ आणि चकतीवरचा चिखल यांची भर पडते.

तरीही रिफ्लेक्टर फेकून देण्याची वस्तू नव्हे. विशेषतः पॅडलवरचे पिवळे रिफ्लेक्टर. १९७३ मध्ये स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी दाखवून दिले, की अंधारात माणसाच्या सांध्यांवर लावलेले मोजके प्रकाशबिंदू हलू लागले, की पाहणाऱ्याला क्षणार्धात 'हा चालणारा माणूस आहे' हे ओळखू येते. तेच बिंदू स्थिर असतील तर मात्र नुसता ठिपक्यांचा पसारा दिसतो. वरखाली होणारे दोन पिवळे ठिपके मेंदूला याच वाटेने सांगतात, की पुढे आहे तो मैलाचा दगड नाही, माणूस आहे. घोट्याला बांधलेली चमकती पट्टीही हेच काम करते, आणि तिची किंमत एका चहाहून फारशी जास्त नसते.

मागचा दिवा लाल का, याबद्दल शाळेच्या पुस्तकातले उत्तर जरा तपासून घेतले पाहिजे. धोक्याचे दिवे लाल असतात, कारण धुके किंवा धूर यांमुळे लाल रंगाचे विकिरण सर्वांत कमी होते, असे दहावीच्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकात आहे. कण प्रकाशाच्या तरंगलांबीहून पुष्कळ लहान असतात तेव्हा, म्हणजे हवेच्या रेणूंसाठी, हे अगदी खरे आहे. रॅले यांनी आकाशाच्या निळेपणाचे गणित मांडले ते याच स्थितीत. धुक्याचे थेंब मात्र अनेक मायक्रोमीटरचे, तरंगलांबीच्या कैक पट मोठे असतात आणि ते सर्व रंगांचे विकिरण जवळपास सारखेच करतात. डिसेंबरात पंजाब, हरियाणा आणि उत्तर प्रदेशच्या रस्त्यांवर उतरणाऱ्या दाट धुक्यात लाल रंगाला कोणतीही खास सवलत मिळत नाही. उलट, मंद प्रकाशात काम करणाऱ्या डोळ्यांतील दंडपेशी गडद लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या असतात. म्हणून फिकट लाल दिवा नजरेच्या कडेला सहज हरवतो. लाल रंगाचे खरे बळ संकेतात आहे. रेल्वेपासून आजवर लाल म्हणजे पाठमोरे वाहन किंवा धोका, हे सर्वांनी मान्य केले आहे. त्यामुळे मागच्या दिव्याचा रंग लालच हवा, पण रंगाच्या भरवशावर तीव्रतेत काटकसर करू नये.

ही तीव्रता गरिबाच्या आवाक्यात आली ती एलईडीमुळे. १९६२ मध्ये निक होलोन्याक यांनी डोळ्याला दिसणारा लाल एलईडी बनवला. पांढऱ्या प्रकाशासाठी मात्र निळ्या एलईडीची वाट पाहावी लागली, आणि तो साधणाऱ्या अकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. डालेन यांच्यानंतर १०२ वर्षांनी पुन्हा एका दिव्याला. टंगस्टनच्या छोट्या दिव्यातून प्रतिवॉट साधारण दहा ल्यूमेन मिळत, एलईडीतून शंभराहून अधिक मिळतात. भारतात घरगुती एलईडी दिव्याची सरकारी खरेदीची किंमत २०१४ मधील ३१० रुपयांवरून अवघ्या काही वर्षांत ३८ रुपयांपर्यंत उतरली. सायकलच्या दिव्यांचा बाजार याच लाटेवर आला. पूर्वी प्रकाश कमी पडत होता, आता तो कोठे टाकावा हे कळेनासे झाले आहे.

स्वस्त पुढच्या दिव्यांवर हजार ल्यूमेनचा आकडा अभिमानाने छापलेला असतो. ल्यूमेन म्हणजे दिव्यातून चहूकडे निघणारा एकूण प्रकाश. त्यातला रस्त्यावर किती पडतो हे सांगतो तो लक्स. बॅटरीसारखा गोल झोत असलेला दिवा निम्मा प्रकाश झाडांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांत टाकतो. हॉलिडे आणि स्टाइल्स यांच्या १९२० च्या दशकातील संशोधनातून निघालेले एक सूत्र येथे बोलके आहे. डोळ्यावर पडणारा लक्स दहाने गुणावा आणि नजरेपासूनच्या कोनाच्या वर्गाने भागावा, म्हणजे डोळ्यात पसरणाऱ्या प्रकाशपडद्याची दीप्ती मिळते. नजरेच्या पाच अंश बाजूला असलेल्या दिव्याने डोळ्यावर दोन लक्स टाकले, तर हा पडदा ०.८ कँडेला प्रति चौरस मीटर एवढा होतो. बऱ्यापैकी उजळलेल्या शहरी रस्त्याचीही दीप्ती साधारण एकच असते. म्हणजे समोरून पायी येणाऱ्याला रस्त्याच्या कडेचा खड्डा दिसेनासा करण्यास असा एक दिवा पुरेसा आहे.

जर्मनीने हा प्रश्न नियमाने सोडवला. तेथे झोताची वरची कड मोटारीच्या दिव्यासारखी कापलेली असावी लागते, दहा मीटरवर किमान दहा लक्स पडावे लागतात आणि लुकलुकणारे दिवे मान्य नाहीत. डायनॅमोची सक्तीही तेथे २०१३ पर्यंत टिकली होती. भारतात असा नियम नसला तरी त्यातले भौतिकशास्त्र निवडीसाठी उधार घेता येते. ताशी १८ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला पाच मीटर जाणाऱ्या सायकलस्वाराचे भान येईपर्यंतच्या दीड सेकंदात साडेसात मीटर जातात आणि साध्या ब्रेकने थांबेपर्यंत आणखी पाच. तेव्हा बारा-पंधरा मीटरपर्यंतचा रस्ता स्वच्छ दिसला की पुष्कळ झाले. वर सपाट कापलेला झोत असेल तर दोन-तीनशे ल्यूमेनमध्ये हे साधते, आणि गोल झोताचे हजार ल्यूमेन त्यापुढे फिके पडतात. दिवा बसवताना भिंतीपासून पाच मीटरवर सायकल उभी करावी. भिंतीवर झोताचा मध्य दिव्याच्या निम्म्या उंचीवर यावा, म्हणजे तो दहा मीटरवर जमिनीला टेकेल. गोल झोताचाच दिवा हाती असेल, तर ही काळजी दुपटीने घ्यावी.

खिशात एकाच दिव्याचे पैसे असतील, तर तो मागचा घ्यावा. ताशी ६० किलोमीटरने येणाऱ्या गाडीचे, चालकाला भान येण्याच्या दोन सेकंदांत ३३ मीटर आणि ब्रेक लागून थांबेपर्यंत आणखी २८ मीटर, असे सुमारे ६० मीटर जातात. खाली केलेल्या दिव्यांच्या झोतात गडद कपड्यांतला माणूस अनेकदा याहून जवळ आल्यावरच दिसतो. मधली तफावत भरून काढणारा प्रकाश सायकलस्वाराकडेच असावा लागतो. डेन्मार्कमधील ओडेन्स येथे ३,८४५ सायकलस्वारांवर केलेल्या प्रयोगात, चाकावरील चुंबकांनी अहोरात्र पेटत राहणारे दिवे लावलेल्या गटात इजा झालेल्या अपघातांचे प्रमाण १९ टक्क्यांनी कमी आढळले. ते दिवे काही फार प्रखर नव्हते. त्यांचे वैशिष्ट्य एवढेच, की ते लावायला विसरणे शक्यच नव्हते.

मागचा दिवा स्थिर असावा, की लुकलुकणारा? ब्रिटनने २००५ पासून लुकलुकण्यास मुभा दिली, जर्मनीने दिली नाही. लुकलुकणे लक्ष चटकन वेधते. पण दोन चमकांमधल्या अंधारात ते वाहन किती जवळ आले आणि कोठे सरकले याचा अंदाज चुकतो. शिवाय ब्लॉन्देल-रे सूत्राची वजावट आहेच. दोन स्वस्त दिवे घेऊन एक स्थिर आणि एक लुकलुकता ठेवणे हा एका महागड्या दिव्याहून बरा उपाय आहे. एक बंद पडला तरी दुसरा उरतो. जिथे चार्जिंगची सोय रोज मिळेलच असे नाही, तेथे गावच्या किराणा दुकानात मिळणाऱ्या सेलवर चालणारा दिवा निवडावा.

आणि तो कोठे लावावा, हे परदेशी माहितीपत्रकात सापडत नाही. तेथे दिवा सीटखालच्या दांड्याला लावतात. येथे सीटच्या मागे कॅरिअर असते आणि कॅरिअरवर धान्याचे पोते, गॅसची टाकी, गवताचा भारा किंवा मागे बसलेले माणूस असते. सीटखालचा दिवा त्याआड जातो. गवळ्याच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या किटल्या तर मडगार्डावरचा रिफ्लेक्टरही झाकून टाकतात. त्यासाठी दिवा मडगार्डाच्या खालच्या टोकाला, त्या पांढऱ्या पट्ट्याजवळ पट्टीने आवळून बसवावा. आणि गवळ्याची सायकल असेल तर दुसरा दिवा उजव्या किटलीच्या मागच्या बाजूला बांधावा. ट्रकच्या सर्वांत जवळून जाते ती तीच बाजू.